आर्डेलाच्या नावावरचे सात फोन

टोलेडो शहरात, डॉर स्ट्रीटमागच्या गल्लीत आर्डेला प्रुइटचं नाव काढलं की लोक दोन गोष्टी हमखास सांगायचे. एक, तिच्या हातचं अळणी सूपही चवदार लागतं. दुसरी, ती कुणाचा पैसा थकवत नाही. बावीस वर्षं तिनं एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळलं. तिथं मीठ बंद, साखर बंद, तळण तर नावालाही नाही; तरी म्हातारे ताट चाटूनपुसून परत पाठवायचे. नवरा क्लेमन गेला तेव्हा दफनाचा खर्च तिनं हप्त्याहप्त्यानं फेडला आणि शेवटचा हप्ता द्यायला स्वतः गेली, सोबत ताज्या मक्याच्या पावाचा तुकडा बांधून घेऊन. मूलबाळ नव्हतं. क्लेमनची जुनी ब्यूक गाडी, चर्चमधल्या गाणाऱ्यांचा मेळा, आणि त्या मेळ्यात शेजारी उभी राहणारी इडाबेल क्रंप, एवढाच तिचा गोतावळा.

२०१२च्या ऑक्टोबरात वृद्धाश्रमाला कुलूप लागलं. सत्तावन्नाव्या वर्षी नवं काम शोधायची पाळी आली. पाच आठवडे पायपीट केल्यावर नदीपलीकडच्या एका गोदामात खोकी भरायचं काम मिळालं. सकाळी सहाची पाळी. तिथं शहराची बस जात नव्हती, त्यामुळे सगळी मदार ब्यूकवर.

आणि जानेवारीत, बर्फाच्या दिवसांत, ब्यूकनं पुलावरच मान टाकली.

"सिस्टर प्रुइट, गिअरबॉक्स गेलाय," चर्चमधल्या बायकांना म्हणतात तसं 'सिस्टर' म्हणत गॅरेजवाला ऑसगुड हात पुसत बोलला. "जुना कुठूनतरी मिळवून बसवतो. पण तरी सातशे पडतील."

"पुढच्या दोन महिन्यांत देते ना."

"तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण मला तो गिअरबॉक्स उधारीवर कोण देणार?"

चार दिवस ती टॅक्सीनं गेली. दिवसाच्या कमाईतला निम्मा पैसा टॅक्सीवाल्याच्या खिशात. पाचव्या दिवशी टॅक्सी उशिरा आली. गोदामातल्या मुकादमानं तिच्या नावापुढे खूण केली आणि म्हणाला, "बाई, अशा तीन खुणा झाल्या की मी काही करू शकत नाही. कॉम्प्युटरच नाव काढून टाकतो." पुढच्या आठवड्यात दुसरी खूण झाली.

त्या शनिवारी कपडे धुवायला ती कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत बसली होती. मशीन फिरत होतं आणि तिच्या डोक्यातही तेच, सातशे, सातशे. तेवढ्यात एक चाळिशीचा, हसऱ्या तोंडाचा गोरा माणूस डोनटचा खोका उघडून सगळ्यांपुढे फिरवत आला. रँडल पाइक त्याचं नाव.

"घ्या मॅडम, गरम आहेत. एक विचारू? तुमच्यावर कुणाचं कर्ज आहे?"

"तुला रे काय करायचंय?"

"रागावू नका. ज्यांच्यावर कर्ज नाही, ज्यांचं नाव स्वच्छ आहे, त्यांनाच मी पैसे देतो."

"मग तू उलट्या खोपडीचा दिसतोस. आमच्याकडे कर्जबुडव्यांनाच सगळे देतात."

तो खळखळून हसला आणि शेजारी बसला. त्याचं बोलणं मात्र सुलट होतं. फोन कंपन्या साडेसहाशेचा फोन दोनशेला देतात, का? तर दोन वर्षांचा करार करून घेतात आणि दर महिन्याच्या बिलातून ते पैसे वसूल करतात. तर दोनशे रँडल देणार. मॅडमनी फक्त सही करायची आणि फोनचा डबा त्याच्या हातात द्यायचा. प्रत्येक फोनमागे शंभर डॉलर, जागच्या जागी, रोख.

"आणि दोन वर्षांचं बिल? ते काय तुझी आजी भरणार?"

"ते आमचे लोक आठवड्याच्या आत रद्द करतात. अहो, कंपनीनंच आम्हाला नेमलंय. दुकानातली पोरं गिऱ्हाइकाशी नीट वागतात का, हे बघायला. तुम्ही आमच्या गुप्त गिऱ्हाईक."

आर्डेला मूर्ख नव्हती. कुठंतरी पाणी मुरतंय हे तिला तिथंच, त्या प्लास्टिकच्या खुर्चीतच कळलं होतं. पण ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. तिनं मनाशी भागाकार केला: सातशेला शंभरनं भागलं की सात.

सोमवारी पाळी संपल्यावर रँडलनं तिला गाडीत घालून दोन दुकानांत नेलं. पहिल्या दुकानात चार, दुसऱ्यात तीन. पहिल्या दुकानातल्या पोरीनं तिचा सरकारी ओळख-नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि तिच्या भुवया वर गेल्या. "वा, मिस प्रुइट! अनामत एक डॉलरसुद्धा नको म्हणतंय. असं नाव आम्हाला महिन्यातून एकदा बघायला मिळतं."

आर्डेलाला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी तिच्या नावाचं असं कौतुक केलं नव्हतं.

"एवढे फोन कुणाकुणाला?" पोरीनं विचारलं.

रँडलनं शिकवून ठेवलेलं उत्तर तिनं दिलं. "नातवंडांना."

"नशीबवान आहेत हं नातवंडं."

आर्डेलानं मान खाली घातली आणि सही केली. सतरा ठिकाणी सह्या. जे तिला झालं नव्हतं ते सगळं तिनं त्या कागदावर जन्माला घातलं. गाडीत रँडलनं डबे पायाशी रचले आणि शंभराच्या सात नोटा तिच्या मांडीवर ठेवल्या. त्या डब्यांतले फोन तिनं डोळ्यांनी पाहिलेही नाहीत. तिचा स्वतःचा फोन घडी घालायचा, जुना. महिन्याला पंधरा डॉलरचं कार्ड घातलं की काम भागायचं.

ब्यूक सुरू झाली. तीन आठवडे आर्डेला वेळेवर कामावर गेली, आणि त्या तीन आठवड्यांत तिनं रँडलच्या नावानं दोनदा प्रार्थनाही केली.

मग पाकिटं आली. पहिल्यात चारशे बारा डॉलर, दुसऱ्यात तीनशे सदतीस. महिन्याचं भाडं, नवीन जोडणीचं शुल्क, कर, आणि कसले कसले आकार. एकाही फोनवरून एकही कॉल झालेला नव्हता. ते फोन केव्हाच समुद्रापलीकडे, दुप्पट भावानं, कुणाच्यातरी खिशात गेले होते. इथं नुसते नंबर जिवंत होते आणि आर्डेलाचा खिसा पोखरत होते.

तिनं रँडलला फोन लावला.

"फाडून टाका हो," तो म्हणाला. "पहिलं बिल चुकून येतंच. आमचे लोक बघतायत."

आयुष्यात पहिल्यांदा आर्डेलानं बिल फाडलं. पण फाडल्यावर राहवलं नाही, म्हणून तुकडे परत जुळवून तिनं ते ओट्याच्या खणात ठेवलं. पुढच्या महिन्यात दोन्हींचा आकडा वाढून आला, दंडासकट. ती धावत पहिल्या दुकानात गेली. तीच पोरगी होती.

"करार मोडायचाय मला."

"चौदा दिवसांत फोन परत आणले असते तर काहीच नव्हतं, मिस प्रुइट. आता प्रत्येक नंबरामागे साडेतीनशे पडतील." पोरीनं आवाज खाली आणला. "फोन नातवंडांकडे नाहीत ना? तुम्ही या महिन्यातल्या चौथ्या."

सात गुणिले साडेतीनशे. दोन हजार साडेचारशे. आर्डेलानं काउंटरचा काठ धरला.

तिथून ती पोलीस चौकीत गेली. खिडकीतल्या हवालदारानं तिचं सगळं शांतपणे ऐकलं, हे त्याच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. मग म्हणाला, "बाई, सही तुमची. पैसे तुम्ही घेतले. खोटं तुम्ही बोललात. मी चोर म्हणून कुणाचं नाव लिहू?"

ती गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवली नाही. समोरच्या काचेवर बर्फ पडत होता आणि हळूहळू बाहेरचं काहीही दिसेनासं झालं. तशीच ती तासभर बसून राहिली.

शेवटी तिनं रँडलला गाठलंच. शहराबाहेरच्या एका मोटेलात त्यानं खोली घेतली होती. पलंगभर डबे होते. तो अजूनही हसतच होता.

"मिस आर्डेला, रडू नका. तुमच्यासारखीच स्वच्छ नावाची माणसं माझ्याकडे आणा. माणशी दोनशे देतो. सात-आठ माणसं आणलीत की तुमचं सगळं फिटलं. चर्चमध्ये जाता ना तुम्ही?"

ती तशीच बाहेर पडली. पण नाही म्हणाली नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तिला कुणाला शोधावं लागलं नाही. रविवारी प्रार्थना संपल्यावर जेवणाच्या हॉलमध्ये इडाबेलच तिच्यासमोर येऊन बसली. तीस वर्षांपासूनची मैत्रीण. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, विधवा, तोंडाची फटकळ. ताटातली हिरवी पालेभाजी ती नुसती चिवडत होती.

"खा की गं," आर्डेला म्हणाली.

"कशानं खाऊ? वरच्या कवळीला भेग गेलीय. आज वरच्या सुरात गेले आणि कवळी खाली आली. पाद्रीबुवांना वाटलं माझ्या अंगात देव आला." दोघी हसल्या. मग इडाबेल गंभीर झाली. "नवी चारशेला सांगतात. डेला, तुझी गाडी कशी दुरुस्त झाली गं? तुझ्याकडे तर फुटकी कवडी नव्हती."

आर्डेलानं हातातला मक्याचा पाव ताटात ठेवला. पाणी पिऊन तिनं सांगितलं. जेवढं लॉन्ड्रीत रँडलनं सांगितलं होतं तेवढंच, त्याच्याच शब्दांत. गुप्त गिऱ्हाईक. आठवड्यात रद्द.

"आणि तुला काही त्रास नाही झाला?"

"नाही."

"मग झालं तर! तू करतेस ते डोळे मिटून करावं. मला ने त्याच्याकडे."

मंगळवारी पाळी संपल्यावर आर्डेलानंच ब्यूकमधून तिला नेलं. इडाबेलनं चर्चची टोपी घातली होती, ओठ रंगवले होते. आर्डेला दुकानाबाहेर गाडीतच बसली. काचेतून तिला दिसत होतं: इडाबेल काउंटरवर वाकून सह्या करतेय, दुकानातल्या पोराला काहीतरी सांगून हसवतेय. चार फोन. आत्ता उठावं, आत जावं, तिचा हात धरावा. दार उघडायला काय लागतं? आर्डेलाचा हात दाराच्या मुठीवर होता. तो तिथंच राहिला.

बाहेर आल्यावर रँडलनं डबे ताब्यात घेऊन इडाबेलला चारशे दिले आणि आर्डेलाच्या हातात दोनशे. परतीच्या वाटेवर इडाबेल गात होती, कवळीवर बोट दाबून धरून.

त्या दोनशेतून आर्डेलानं बिलाचा काही भाग भरायचा ठरवला होता. पण त्या नोटा हातात घेतल्या की ती त्या परत पर्समध्ये टाकायची. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी गोदामात खोकी भरताना त्या पोरीचं वाक्य तिच्या कानात वाजलं: चौदा दिवसांत फोन परत आणले असते तर. तिनं बोटांवर मोजलं. तीन झाले होते. अकरा उरले होते.

दुपारी पाळी संपल्यावर ती सरळ मोटेलवर गेली.

"मंगळवारचे चार फोन. मला परत हवेत."

रँडलचं हसू पहिल्यांदा गेलं. "दुकान नाही हे माझं."

"दुकानच आहे. भाव सांग."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "एक पुढे गेला. तीन आहेत. सहाशेला एक."

"तू एका फोनमागे शंभर आणि दोनशेच टाकलेत."

"आणि मला मिळणार नऊशे. सहाशे म्हणजे धर्मादाय करतोय, सिस्टर."

"मला सिस्टर म्हणू नकोस."

"उद्या दुपारपर्यंत थांबतो. मग माल जाईल."

अठराशे डॉलर. आर्डेला ब्यूकमध्ये बसली आणि या वेळी तिला फार विचार करावा लागला नाही. तिच्या मालकीचं, विकता येईल असं, एकच काहीतरी होतं आणि ती त्याच्यातच बसली होती.

"नुकताच गिअरबॉक्स घातलाय मीच," ऑसगुड दुसऱ्या दिवशी, सुटीच्या शनिवारी सकाळी चक्रावून म्हणाला. "आणि आता विकताय? मग कामावर कशा जाणार?"

"किती देशील?"

"तेराशे. त्यावर नाही हो जमत मला."

"दे."

तेराशे आणि रँडलनं दलाली म्हणून दिलेले दोनशे झाले; उरलेले तीनशे मागायला ती इडाबेलकडे गेली. पैसे मागण्याआधी सगळं सांगणं भाग होतं. तिनं दारातच उभ्यानं सांगितलं, काहीही न गाळता. खणातलं जुळवलेलं बिलसुद्धा दाखवलं.

इडाबेलनं बिलावरचे आकडे वाचले. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. त्रास नाही ना झाला, असं विचारलं होतं मी."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

"परक्यानं केलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या. तुला काय देऊ?" ती आत गेली. कवळीसाठी बायबलमध्ये ठेवलेल्या नोटा घेऊन आली आणि आर्डेलाच्या हातात न देता कठड्यावर ठेवल्या. "चल. पण माझ्याशी बोलू नकोस."

ऑसगुडनं त्यांना आपल्या ट्रकमधून मोटेलवर आणि तिथून दुकानात नेलं. तिघं एका बाकावर, दाटीवाटीनं. तीन डबे परत झाले, तीन नंबर बंद झाले. त्यांचे जे पैसे परत मिळाले ते चौथ्या नंबराचा करार मोडण्यात गेले, वर थोडे उरले ते इडाबेलनं पर्समध्ये टाकले. तिचं नाव स्वच्छ राहिलं. कवळी मात्र राहिली ती राहिलीच. त्या रविवारपासून मेळ्यात ती आर्डेलाशेजारून उठून दुसऱ्या टोकाला उभी राहू लागली. कारण कुणाला सांगितलं नाही, आणि ते आर्डेलाला जास्त लागलं.

गोदामातली एक बाई काही दिवस तिला वाटेत घेत होती. मग त्या बाईची पाळी बदलली. तिसरी खूण झाली आणि कॉम्प्युटरनं नाव काढून टाकलं.

वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. सकाळी, जेवताना, संध्याकाळी. बोलणारे कधी गोड, कधी "तुमच्या वयाला शोभत नाही" म्हणणारे. आर्डेला प्रत्येकाला तेच सांगायची: "देणं माझं आहे. पैसे नाहीत." पहिल्या पंधरा दिवसांत ती दर वेळी रडली, नंतर रडणंही संपलं. उन्हाळ्यात घरमालकानं इमारत विकली. नव्या मालकानं सगळ्यांची पत तपासली आणि तिला सांगितलं की त्याला असे भाडेकरू नकोत. "असे" म्हणजे कसे, हे त्यानं कागद वळवून तिला दाखवलं. तिथं तिच्या पतगुणांचा आकडा होता, तिकडे ती पाहत राहिली. सत्तावन्न वर्षांत मिळवलेलं, सहा महिन्यांत गेलेलं.

तिनं चर्चच्या मागच्या रस्त्यावर एक खोली घेतली. न्हाणीघर तीन भाडेकरूंत मिळून एक. पायी जाता येईल अशा एका पाळणाघरात तिला रोज तीन तासांचं स्वयंपाकाचं काम मिळालं. लहान पोरं तिच्या हातचं खाऊन वाटी वाजवत आणखी मागायची. तेवढे तीन तास ती माणसात असायची. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे तिला कळत नसे. पलंगावर बसून ती भिंतीकडे बघायची. एकदा तर तिनं गोळ्यांची बाटली हातात घेऊन त्यातल्या गोळ्या मोजल्या होत्या. मग उद्या सकाळी पोरांची लापशी कोण करणार म्हणून तिनं झाकण लावून ती ठेवून दिली.

दीड वर्षानंतर, एका शनिवारी दुपारी, दारावर थाप पडली. बाहेर इडाबेल होती, धापा टाकत, हातात एक लांबट पाकीट.

"तुलाही आलंय का हे?"

आलं होतं. रँडल दुसऱ्या जिल्ह्यात पकडला गेला होता. त्याच्या वहीत दोनशेच्या वर नावं सापडली होती आणि सरकारी वकिलाच्या कचेरीनं त्या सगळ्यांना प्रश्नांचा कागद पाठवला होता. आर्डेलाचा कागद उशीखाली होता, अजून कोरा.

इडाबेल खोलीत एकुलत्या एक खुर्चीवर बसली. तिनं चारी भिंती पाहिल्या, कोपऱ्यातली एक शेगडी पाहिली. पण त्याबद्दल काही बोलली नाही.

"सहावा प्रश्न वाचलास? तुम्हाला या माणसाकडे कोणी नेलं."

"वाचला."

"तुझं नाव लिहिलं तर तुला आत टाकतील का गं?"

"माहीत नाही. टाकतीलही. मी दोनशे घेतले होते."

"मी खोटं लिहिणार नाही, डेला."

"लिहू नकोस."

इडाबेलनं चष्मा पुसला. पुसतच राहिली. "तीन रात्री झोप नाही मला. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगते. पण पाकीट टपालपेटीत टाकायला हातही उठत नाही."

"माझ्यासमोर लिही," आर्डेला म्हणाली. "आपण दोघी लिहू."

तिनं उशीखालून आपला कागद काढला, पलंगावर पाटासारखा ट्रे ठेवला आणि पेन इडाबेलपुढे केलं. आपल्या कागदावरच्या सातव्या प्रश्नापाशी, तुम्ही स्वतः कुणाला नेलंत का, तिथं तिनं लिहिलं: एक. इडाबेल क्रंप, माझी मैत्रीण. तिला मी खोटं सांगितलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं.

इडाबेल वाकून लिहायला लागली, आणि मध्येच थांबली.

"आर्डेलाच्या स्पेलिंगात एल एक की दोन?"

"दोन."

"तीस वर्षांत कधी लिहायची वेळच आली नाही," ती म्हणाली, आणि दुसरा एल काढला.